आपली मुले आणि जपानी करुणगीते



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तो आम्ही सांगितला, आणि पलीकडून काही वेळ उत्तरच आले नाही. बोईसरच्या श्रोत्यांपुढे बोलायचे तर कारखान्यांचे सांडपाणी आहे, गाड्यांची गर्दी आहे, आदिवासी बांधवांच्या जमिनी आहेत. हे सारे सोडून जपानी गाणी कशासाठी, असे त्यांच्या मनात आले असल्यास ते गैर नव्हते. तरीही आम्ही हट्ट धरला. कारण हा विषय आम्ही पुस्तकांतून शोधून काढलेला नाही, तो आमच्या घरात आपल्या पायांनी चालत आला. या सभागृहातल्या पुष्कळांच्या घरीही तो येऊन बसलेला असेल, परंतु रात्री दिवे मालवल्यावर येतो म्हणून त्याची कोणी विचारपूस केली नसेल.

आधी घरातली हकीकत सांगतो. आमची नात तेरा वर्षांची आहे. तिची वर्गातली जिवलग मैत्रीण ओडिशाची. मैत्रिणीचे वडील येथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. ते काम सुटले, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेले ते कुटुंब पुन्हा परतले नाही. नात रडली नाही. शाळा, शिकवणी, जेवणखाण सारे यथास्थित चालू होते. मात्र रात्री पांघरुणात शिरून, कानांत इअरफोन घालून, ती एकच गाणे पुनःपुन्हा ऐके. एकदा आम्ही ते आपल्या कानाला लावून पाहिले. गाणे जपानी होते, संथ होते, आणि इतके उदास होते की आम्ही दचकलो. मग कोणताही आजोबा करील तेच आम्ही केले. मोबाईल काढून घेतला आणि या वयात असली रडकी गाणी ऐकू नयेत, असे बजावले. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच विचारले, "आजोबा, तुम्हांला जपानी येत नाही ना? मग ते गाणं रडकं आहे हे तुम्हांला कसं कळलं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. गेले काही महिने आम्ही ते शोधीत आहो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, ही गाणी आपल्या मुलांपर्यंत आली कोणत्या वाटेने? वाट आपणच मोकळी करून दिली आहे. ही मुले चार-पाच वर्षांची असताना आपण त्यांना दूरचित्रवाणीपुढे बसवून जेवू घातले, आणि त्या पडद्यावर हिंदी बोलणारे जे डोरेमॉन, निंजा हातोडी आणि शिनचॅन होते ते मूळचे जपानचे. मूल मोठे झाले, त्याबरोबर त्याची चित्रे मोठी झाली आणि चित्रांतली गाणीही. माकोतो शिनकाई या जपानी दिग्दर्शकाचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट २०१९ साली भारतातील चित्रपटगृहांत आला, तो येथल्या तरुण चाहत्यांनी सह्या गोळा करून मागणी केल्यानंतर. आपल्या पोरांनी अर्ज करून आपल्यासाठी परदेशी चित्रपट मागवावा, ही गोष्ट आम्हां वडील मंडळींच्या गावीही नव्हती.

दुसरी गोष्ट अशी की, या नव्या गाण्यांपैकी पुष्कळ गाणी एकट्याने, एका खोलीत बसून केलेली आहेत. २००७ साली जपानमधल्या साप्पोरो शहरातील एका कंपनीने 'हात्सुने मिकू' नावाचा एक आवाज विकावयास काढला. एका अभिनेत्रीच्या उच्चारांवरून संगणकाने घडविलेला हा आवाज. ज्याच्यापाशी गाणारा गळा नाही, वाद्यवृंद नाही, पैसा नाही, अशा पोरसवदा माणसानेही शब्द आणि चाल द्यावी, आणि त्या आवाजाकडून गाऊन घ्यावे. 'लेमन' या २०१८ सालच्या शोकगीताचा कर्ता केन्शी योनेझू याच वाटेने पुढे आला. हे गाणे रचीत असतानाच त्याचे आजोबा वारले, आणि गाण्यातला वियोग त्याला आपल्या घरी भेटला. जे गाणे खोलीत एकट्याने रचले गेले, ते दुसऱ्या खोलीत एकट्याने ऐकणाऱ्याला आपले वाटावे, यात नवल नाही.

आता भाषेचा प्रश्न. शब्द कळल्यावाचून गाणे कळते काय? या प्रश्नाचा एक मोठा दाखला इतिहासात नमूद आहे. १९६१ साली क्यू साकामोतो या तरुण गायकाने एक गाणे गायिले. शब्द रोकुसुके एइ यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. डोळ्यांतले पाणी खाली पडू नये म्हणून मान वर करून एकटाच रात्री चालत जाणारा माणूस, हा त्याचा विषय. अमेरिकेशी होत असलेल्या संरक्षण-कराराविरुद्ध १९६० साली जपानमध्ये जी निदर्शने झाली, त्यांतून निराश होऊन परतताना एइ यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे हे गाणे 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेत गेले. सुकियाकी हे जपानमधल्या एका मांसाहारी पदार्थाचे नाव आहे, आणि गाण्याशी त्याचा कवडीचा संबंध नाही. परदेशी माणसाला उच्चारावयास सोपे, म्हणून दिलेले ते नाव. असे नाव घेऊन, एकही शब्द न समजणाऱ्या लोकांत गेलेले हे गाणे १९६३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत तीन आठवडे पहिल्या स्थानी राहिले. ज्या देशाशी अठरा वर्षांपूर्वी युद्ध संपले होते, त्या देशातल्या माणसाचे न पडलेले अश्रू अमेरिकेला कळले. तेव्हा आमच्या नातीचा प्रश्न आम्हां दोघांपुरता नाही.

मग आम्ही मोबाईल परत दिला, घरातली जुनी पेटी पुसून काढली आणि नातीला म्हटले, "आण तुझे गाणे, पाहू त्यात काय आहे." तिचे गाणे काही पेटीवर नीट बसेना, त्यात पाश्चात्त्य स्वरमेळाचे काम फार. तेव्हा तिने आमच्यासाठी जुनी जपानी गाणी शोधून दिली. त्यांत 'साकुरा' हे चेरीच्या बहराचे सुप्रसिद्ध गीत होते. षड्ज योग्य जागी धरून सूर लावीत गेलो, आणि आमचे हात थांबले. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत. गांधार नाही, निषाद नाही. संगीताचा थोडाबहुत संस्कार असलेला माणूस या पाच स्वरांना काय म्हणेल? गुणकली म्हणेल. पहाटेचा, गंभीर, काहीसा विरक्त असा आपला गुणकली राग. जपानी लोक या स्वरसमूहाला 'मियाकोबुशी' म्हणतात. फुमिओ कोइझुमी या ज्या पंडिताने जपानी स्वरसमूहांची शास्त्रशुद्ध मांडणी केली, तो भारतात येऊन येथले संगीत शिकून गेला होता.

दुसरे गीत 'आकातोम्बो', म्हणजे तांबडा चतुर. श्रावण-भाद्रपदात आपल्या भातखाचरांवर जे चतुर उडतात, त्यांचाच हा भाऊबंद. या गीताची चाल कोसाकु यामादा यांनी १९२७ साली बांधली. तिच्यात मध्यम व निषाद नाहीत. जपानी भाषेत या रचनेला 'योनानुकी' म्हणतात. त्याचा अर्थच मुळी 'चौथा व सातवा वगळलेली'. आपण तिला भूप म्हणतो. आता भूप हा काही आपल्याकडे शोकाचा राग नव्हे. याचा अर्थ असा की, करुणा नुसत्या स्वरांत नसते. ती स्वरावर किती वेळ थांबावे आणि शब्द किती हळू ठेवावा यातही असते. पण ज्या पायऱ्यांवरून ते गीत चढते-उतरते, त्या आपल्या घरच्या पायऱ्या आहेत. नातीने ते ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे हे परकं नव्हतंच." आम्ही म्हटले, "निम्मे तरी नव्हते."

या 'आकातोम्बो'चे शब्द रोफू मिकी यांनी १९२१ साली लिहिले. रोफू लहान असतानाच त्यांच्या आईवडिलांची फारकत झाली आणि आई घर सोडून गेली. गीतात संध्याकाळचा चतुर आहे, पाठीवर बसून तो पाहिल्याची आठवण आहे, आणि मुलाला सांभाळणारी एक मुलगी आहे. ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन जाते, आणि मग गावाकडून येणारी पत्रेही थांबतात. काठीच्या टोकावर विसावलेला चतुर, हे गीताच्या अखेरचे चित्र, कवीने स्वतः बारा-तेरा वर्षांचा असताना रचलेल्या एका लहानशा कवितेतले आहे. म्हणजे जपानी माणूस ज्या गीताने आपले बालपण आठवतो, त्याचा शेवट आमच्या नातीच्या वयाच्या एका मुलाने लिहून ठेवलेला आहे.

पंधराव्या वर्षी सासरी गेलेली ती मुलगी कोण होती? जपानमध्ये गरिबांच्या मुली दुसऱ्यांची मुले सांभाळण्यासाठी चाकरीला ठेवीत. त्यांना 'कोमोरी' म्हणत. वय आठ-दहापासून पुढे. पाठीला परके मूल बांधलेले, पोटात भूक, आणि आपले घर डोंगरापलीकडे. या पोरी त्या मुलांना निजविण्यासाठी अंगाई गात, पण अंगाईत दुःख स्वतःचे असे. कुमामोतो प्रांतातले 'इत्सुकीचे अंगाईगीत' आणि क्योतोजवळचे 'ताकेदाचे अंगाईगीत' ही त्यांतली प्रसिद्ध आहेत. पितरांचा 'बोन' सण कधी येतो आणि घरी जावयास कधी मिळते, हा त्यांचा ध्यास. मूल झोपावे म्हणून गायिलेल्या या गाण्यात गाणारी स्वतः रडून घेई, आणि मालकिणीला वाटे, पोर अंगाई गाते आहे.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवत नाहीत काय? कोवळ्या वयात सासरी आलेली मुलगी पहाटे दळता दळता माहेरचे जे गाऊन घेई, ते सासूच्या कानांवर पडूनही तिला हरकत घेता येत नसे, कारण ते गाणे होते. हेमा राइरकर आणि गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. जे बोलले असता उद्धटपणा ठरतो, ते गायिले असता चालते. मूल आणि सून, या दोघांनाही ही सवलत पूर्वीपासून मिळत आली आहे. जाते गेले, त्याबरोबर ती सवलतही गेली, आणि आता आपल्या मुलांनी ती इअरफोनमधून परत मिळविली आहे.

येथे कोणी विचारील की, जपानी लोकांना आपली मुले उदास झालेली बरी वाटतात काय? तसे नाही. पण त्या समाजाने एक गोष्ट मान्य केलेली दिसते, ती ही की चौदा-पंधरा हे वय दुःखाचेही असते. त्यांच्या शाळा मार्चमध्ये संपतात आणि निरोपाच्या दिवशी गाणे असते. मेजी काळातल्या पहिल्याच शालेय गीतसंग्रहात 'होतारु नो हिकारी', म्हणजे काजव्यांचा उजेड, हे निरोपाचे गीत एका स्कॉटिश चालीवर घातलेले आहे. २००८ साली माध्यमिक शाळांच्या अखिल जपानी समूहगान स्पर्धेसाठी अँजेला आकी या गायिकेने नेमणुकीचे गीत केले, ते पंधरा वर्षांच्या मुलाने भविष्यातल्या स्वतःला लिहिलेल्या पत्राचे आणि त्याला आलेल्या उत्तराचे आहे. तिने स्वतः किशोरवयात असे पत्र लिहिले होते, आणि ते तिच्या आईने जपून ठेवून तिच्या तिसाव्या वाढदिवशी तिला पाठविले. आता मला सोसवत नाही, असे मुलाने म्हणावे आणि मोठ्या झालेल्या त्याच माणसाने ते ऐकून घ्यावे, एवढाच त्याचा आशय. पण तो हजारो मुलांना वर्गात, गुरुजींसमोर, एका सुरात गाण्यासाठी दिला गेला.

याहून आम्हांला आवडलेली गोष्ट साईतामा प्रांतातल्या चिचिबु येथील कागेमोरी माध्यमिक शाळेची आहे. शाळा दंगेखोर म्हणून समजली जाई. नोबोरू कोजिमा या मुख्याध्यापकांनी ती गाणारी शाळा करावयाची असे मनावर घेतले. १९९१ साली संगीतशिक्षिका हिरोमी साकामोतो यांनी त्यांच्याकडे निरोपाच्या गीतासाठी शब्द मागितले. हे आपले काम नव्हे, असे ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शब्दांचा कागद त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला, असे सांगतात. बाईंनी चाल लावली, आणि शिक्षकांनी मिळून ते गीत निघून चाललेल्या मुलांसाठी गायिले. एकदाच गावयाचे म्हणून केलेले ते गाणे, पुढे सबंध जपानभर शाळाशाळांतून गायिले जाऊ लागले. येथे मुले गुरुजींना निरोप देत नाहीत. गुरुजी मुलांसाठी उभे राहून गातात. आपल्या शाळांतले निरोप समारंभ आठवा. पाहुण्यांचे भाषण, परीक्षेसाठी उपदेश, आणि शेवटी अल्पोपाहार. मुलाला काय सोडून जावे लागत आहे, याविषयी एक वाक्य कोणी बोलते काय?

आता आक्षेपाचा विचार करू. दुःखी गाण्याने दुःख वाढते, हे खरे काय? २०१३ साली जपानमधल्याच संशोधकांनी ४४ माणसांना उदास संगीत ऐकवून त्यांच्या मनाची नोंद घेतली. ऐकणाऱ्यांना संगीत जितके दुःखी वाटले, तितके दुःख त्यांना स्वतःला झाले नाही. उलट एक गोड भावही त्यात मिसळला होता. आपल्या रसशास्त्राला हे नवीन नाही. करुणरसातून आनंद कसा होतो, हा आपल्याकडचा फार जुना वाद आहे, आणि भवभूतीने तर करुण हाच मूळ रस मानला. वस्तूंच्या नश्वरतेने हळवे होणे, या वृत्तीला जपानी लोक 'मोनो नो आवारे' म्हणतात. अठराव्या शतकातल्या नोरिनागा मोतोओरी या पंडिताने तिचे मोठे विवेचन केले आहे.

परंतु एक बाजू सांगून दुसरी झाकणे हे वक्त्याला शोभत नाही. ती ४४ माणसे काही मैत्रीण दुरावलेली तेरा वर्षांची मुले नव्हती. काही नव्या जपानी गाण्यांत मृत्यूची ओढही आहे, हे आईबापांनी जाणून असावे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न राहिले, जेवण आणि झोप मोडली, ज्यांच्यावर जीव होता त्या मैत्रिणी नकोशा झाल्या, जगणे नको असे एकदा जरी बोलले, तर गाण्याला दोष देत बसू नये, डॉक्टर गाठावा. सरकारने २०२२ सालापासून 'टेलि-मानस' नावाची विनामूल्य सेवा चालविली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते. गाणे हे औषध नव्हे, आणि रोगही नव्हे. ते बहुधा मुलाने आपल्यापुरते लिहिलेले पत्र असते.

आणि बोईसरच्या मुलाला असे पत्र लिहावे लागते, याचे कारण बोईसर आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्याच्या वसाहतीत देशभरची कुटुंबे येतात आणि बदली होताच जातात. औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून माणसे येतात, आणि काम संपले की गाडी धरतात. जे मूळचे येथलेच, त्यांनाही वियोग चुकला नाही. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावेच्या गावे उठली. आपल्या एकेका वर्गात मराठी, वारली, हिंदी, भोजपुरी, ओडिया, गुजराती बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी बसतात. मराठी गाणे लावले तर एक बाहेर राहतो, भोजपुरी लावले तर दुसरा. जपानी गाणे त्यांच्यापैकी कोणाच्याच मातृभाषेत नाही, म्हणून ते सर्वांचे सारखेच आहे. आमची नात आणि तिची मैत्रीण यांना ते याचसाठी आवडले असावे, असे आम्हांला वाटते.

आपण मराठी माणसांनी मुलांना करुणा कधी दिलीच नाही, असे मुळीच नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली आली, आणि तिच्यावर अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली. आमच्या पिढीने ते पुस्तक वाचून डोळे पुसले, आणि तेव्हा कोणी आमच्या हातून ते काढून घेतले नाही. उलट शाळेतून बक्षीस दिले. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजविला, तोही आपण आनंदाने घेतला. मग आमच्या नातीच्या गाण्यापाशीच आमचा हात का उठला? कारण एकच. ते दुःख आम्ही तिला दिलेले नव्हते, तिने स्वतः शोधले होते. आणि जे आपल्याला विचारून झाले नाही, ते आपल्याला चुकीचे वाटते.

एक गोष्ट शेवटी सांगावयाची राखून ठेवली होती. पेटीवर साकुरा वाजविल्याच्या चार दिवसांनी नातीने ती सांगितली. मैत्रीण जाताना दोघींनी ठरविले होते की, रोज रात्री नऊ वाजता, ती ओडिशात आणि ही बोईसरात, एकाच वेळी तेच गाणे लावावयाचे. बोलणे नाही, निरोप नाही, फक्त गाणे. आम्ही मोबाईल काढून घेतला त्या रात्री एकीने गाणे लावले आणि दुसरीने लावले नाही. तिकडच्या मुलीला वाटले, ही विसरली. आम्ही रडके गाणे बंद केले असे समजत होतो. आम्ही बंद केले होते ते भेटणे.

जपानी तंत्राची ५०८ किलोमीटर लांबीची रेल्वे मुंबईहून अहमदाबादेस होत आहे, आणि तिच्या बारा स्थानकांत बोईसर आहे. तिच्या जमिनीविषयी आणि तिकिटाविषयी आपण पुष्कळ वाद केले आणि करू. त्या देशातून दुसरे काही तरी आधीच येऊन आपल्या मुलांच्या उशाशी बसले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे. आमची विनंती लहान आहे. मुलाच्या कानातले काढून घेण्याआधी, त्याच्याकडे दोन कानांपैकी एक मागावा. आणि येथल्या शाळांच्या गुरुजनांनी, निदान एका वर्षी, निरोपाच्या दिवशी स्वतः उभे राहून मुलांसाठी गावे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

आम्ही स्वतःपासून आरंभ केला आहे. आकातोम्बो पेटीवर वाजवून तो ओडिशास पाठविला. आमचा भूप काही नावाजण्यासारखा नाही, पण दोघींनी तो ठेवून घेतला आहे. रविवारी नऊ वाजता तोच लागतो.